साठवलेले माइल्स आणि टोरांटोची पहिली सकाळ

मी नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवते आणि माझे पती कॅनडातील सडबरी या गावी खाण अभियंता म्हणून काम करतात. दिवाळीत ते नागपूरला येतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाते. वर्षभरात आमच्या वाट्याला येणारा सहवास तो एवढाच. यंदा मे महिन्यात दुबई ते टोरांटो हा सुमारे 14 तासांचा प्रवास मी एमिरेट्स या विमान कंपनीच्या फर्स्ट क्लासमधून केला. त्यासाठी फर्स्ट क्लासचे तिकीट आम्ही विकत घेतले नव्हते. पतींनी साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना विमान कंपनी देते त्या गुणांवर, मला अपग्रेड, म्हणजे घेतलेल्या तिकिटापेक्षा वरच्या वर्गात जागा, मिळाला होता. परत आल्यापासून महाविद्यालयात, सोसायटीत आणि नातेवाइकांत मला एकच विचारले जाते, की हे जमले कसे आणि त्याचा खर्च किती आला. त्याचे उत्तर चार वाक्यांत देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. माझ्या दृष्टीने या प्रवासाचे खरे मोल विमानातील थाटात नाही, तर विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या दिवसात आहे, आणि हे नीट समजावे यासाठी आमची परिस्थिती थोडी सांगणे आवश्यक आहे.

पतींनी खाणकामाचे शिक्षण नागपुरातच, आज व्हीएनआयटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत घेतले. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स, मँगनीजची मॉइल अशी सारी मंडळी ज्या शहरात आहेत, तेथे खाण अभियंत्याला काम मिळणे अवघड नव्हते आणि पहिली काही वर्षे त्यांनी विदर्भातच नोकरी केली. पुढे निकेलच्या खाणींचा अनुभव घेण्याची संधी आली आणि ते सडबरीला गेले. 1883 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग तयार होत असताना तेथे तांबे आणि निकेलचे खनिज सापडले. सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी आदळून जे विवर तयार झाले, त्याच्या परिघात हे साठे आहेत. खाण अभियंत्याच्या मनाला अशा जागेची किती ओढ वाटत असेल, हे मला लग्नानंतर लवकरच कळले होते. मीही तिकडे यावे, हा विचार आम्ही अनेकदा केला. परंतु माझी कायम नोकरी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे धरमपेठेतील घरात सासूबाई आहेत. वयाच्या या टप्प्यावर त्यांना घर सोडायचे नाही आणि त्यांना एकटे ठेवायचे नाही, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. सुटीत मी बाहेर असते तेव्हा माझ्या नणंदबाई येऊन त्यांच्याजवळ राहतात.

उन्हाळ्यात नागपूर आणि सडबरी यांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर असते. त्यांची सकाळ ही माझी दुपार असते आणि माझी रात्र होते तेव्हा ते खाणीत असतात. असे संसार आता नागपुरात विरळ राहिलेले नाहीत. आमच्या गल्लीतच तीन-चार घरे अशी आहेत. त्यामुळे सुटीतील प्रत्येक दिवस आम्ही आधीपासून मोजून ठेवतो, आणि त्यांतील एक दिवस जरी झोपेत किंवा डोकेदुखीत गेला तरी त्याची हळहळ पुढील कितीतरी आठवडे राहते.

माइल्स कोठून आले, हा पुढचा प्रश्न. पतींच्या कंपनीचे काम झांबियातील कॉपरबेल्ट या तांब्याच्या पट्ट्यातही चालते आणि त्यांना तेथे वारंवार जावे लागते. टोरांटोहून दुबई, दुबईहून लुसाका आणि तेथून पुढे खाणीपर्यंत, असा तो मार्ग आहे. हा सारा प्रवास ते इकॉनॉमीने करतात. कंपनीचा नियमच तसा आहे. मात्र कामाच्या तारखा ऐनवेळी बदलतात म्हणून कंपनी बदलता येण्याजोगी, म्हणजेच थोडी महाग तिकिटे काढते, आणि अशा तिकिटांवर एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स योजनेत स्वस्त तिकिटांपेक्षा पुष्कळ जास्त माइल्स जमा होतात.

विमान कंपन्यांच्या या योजना आता जुन्या झाल्या आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली योजना सुरू केली आणि नेहमीचा प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये यासाठी जवळजवळ सर्वांनीच तिचे अनुकरण केले. बहुतेक योजनांत दोन वेगळे हिशेब असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो. एक हिशेब खर्च करता येणाऱ्या माइल्सचा असतो. त्यातून तिकीट किंवा अपग्रेड घेता येतो. दुसरा हिशेब दर्जाचा असतो. ठरावीक मुदतीत केलेल्या प्रवासावरून सदस्याला सिल्व्हर, गोल्ड किंवा प्लॅटिनम ठरवले जाते आणि या दुसऱ्या हिशेबातील माइल्स खर्च करता येत नाहीत. स्कायवर्ड्समध्ये गोल्डसाठी 50,000 दर्जा-माइल्स लागतात. झांबियाच्या फेऱ्यांमुळे पती गोल्ड झाले. शिवाय या योजनेत कुटुंबातील व्यक्तींचे माइल्स एकत्र जमा करण्याची सोय आहे, त्यामुळे माझे थोडे आणि त्यांचे पुष्कळ असे मिळून एकच खाते झाले. या माइल्सना मुदत असते, हेही येथेच सांगून ठेवते. माइल्स वर्षानुवर्षे साठवून मग एखादा मोठा प्रवास करू, असे म्हणणाऱ्यांचे बरेचसे माइल्स न वापरताच संपून जातात.

अपग्रेडविषयी आपल्याकडे काही समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. चांगली साडी किंवा कोट घालून काउंटरवर लवकर गेले, दोन शब्द गोड बोलले, लग्नाचा वाढदिवस असल्याचे सांगितले, की वरच्या वर्गात बसवतात, असे मला अनेकांनी अगदी खात्रीने सांगितले आहे. आज व्यवहार तसा चालत नाही. इकॉनॉमीत जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली असतील, तर कंपनी काही प्रवाशांना आपणहून वर हलवते हे खरे आहे. पण तेव्हाही प्रथम प्रवाशाचा दर्जा आणि तिकिटाचा प्रकार पाहिला जातो, पेहराव नव्हे. ज्या अपग्रेडवर आधीपासून विसंबता येते, तो माइल्स देऊन किंवा रोख पैसे भरून घेतलेलाच असतो.

माइल्सवरील अपग्रेडचेही नियम आहेत आणि ते तिकीट काढण्यापूर्वी समजून घ्यावे लागतात. पहिला नियम असा, की अपग्रेडने एकच पायरी वर चढता येते. इकॉनॉमीतून बिझनेसमध्ये किंवा बिझनेसमधून फर्स्टमध्ये. इकॉनॉमीच्या तिकिटावरून थेट फर्स्ट क्लासला जाता येत नाही. दुसरा नियम भाड्याच्या प्रकाराचा आहे. एकाच वर्गात, एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी वेगवेगळ्या भाड्याची तिकिटे घेतलेली असतात, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त प्रकारच्या तिकिटावर बहुधा अपग्रेड मिळतच नाही. म्हणून माइल्सच्या भरवशावर प्रवास आखायचा असेल, तर तिकीट काढतानाच थोडे जास्त भाडे भरण्याची तयारी ठेवावी लागते. पतींची कंपनी कुटुंबाच्या भेटीसाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम देते. तीत आम्ही स्वतःची भर घालून मुंबई ते टोरांटो असे बिझनेस क्लासचे, अपग्रेड होऊ शकणारे तिकीट घेतले. तेव्हा हा प्रवास फुकट झाला असे मी कोणालाही सांगत नाही. तिकिटाचे पैसे मोजलेले आहेत, आणि माइल्सच्या मागे तर त्यांनी आखडलेल्या पायांनी काढलेल्या कितीतरी रात्री आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते. अपग्रेड टप्प्याटप्प्याने घेता येतो. संपूर्ण प्रवासासाठी घ्यावाच असे बंधन नसते. मुंबई ते दुबई हा जेमतेम तीन तासांचा टप्पा आहे आणि तेथे फर्स्ट क्लासवर माइल्स खर्च करण्यात मला काहीही शहाणपण दिसत नाही. जेवण होऊन ताटे उचलली जातात, तोच विमान खाली उतरू लागते. आम्ही फक्त दुबई ते टोरांटो एवढाच टप्पा निवडला. परतीच्या प्रवासात मी बिझनेसमध्येच बसले, कारण परत आल्यावर मला कोणाला भेटायची घाई नव्हती आणि एक दिवस घरी झोपून काढला तरी चालणार होते.

तथापि माइल्स खात्यात असले म्हणजे जागा मिळतेच असे नाही. विमान कंपनीच्या दृष्टीने रिकामी जागा घेऊन विमान उडाले की त्या जागेची किंमत शून्य होते. पण ती जागा शेवटच्या आठवड्यात पूर्ण भाड्याने विकली जाण्याची आशाही असते. या दोन शक्यतांचा अंदाज घेत कंपनी अपग्रेडसाठी थोड्या थोड्या जागा खुल्या करत असते. आम्ही तिकीट काढले तेव्हा फर्स्टमध्ये अशी एकही जागा नव्हती. पती रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी तपासत असत आणि मला दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांचा फोन येत असे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते, त्यामुळे बहुतेक वेळा मी मूल्यांकन केंद्राच्या व्हरांड्यात येऊन तो घेत असे. निघण्यास अगदी थोडे दिवस उरले असताना एका दुपारी ते म्हणाले, "अगं, झालं. खिडकीची जागा मिळाली आहे. आता त्या दिवशी विमानात फक्त झोप, पेपर तपासायला घेऊ नकोस." त्यांच्या आवाजातील आनंद ऐकून मला वाटले, की या जागेची वाट माझ्यापेक्षा तेच अधिक पाहत होते.

दिल्लीहून टोरांटोला थेट विमान असताना दुबईचा वळसा कशासाठी, असे माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने विचारले आणि तिचा प्रश्न रास्त होता. नागपूरहून दिल्ली दीड-पावणेदोन तासांवर आहे आणि एअर इंडिया व एअर कॅनडा या दोन्ही कंपन्या दिल्ली-टोरांटो सेवा देत आल्या आहेत. नागपूरहून दोह्यालाही थेट विमान आहे. वेळ वाचवायचा असेल तर हे मार्ग अधिक चांगले आहेत आणि मीही काही वर्षे दिल्लीमार्गे गेले आहे. परंतु माइल्स ज्या कंपनीकडे साठलेले असतात, तिच्याच किंवा तिच्या भागीदार कंपन्यांच्या विमानांवर ते चालतात. पतींचा कामाचा रस्ता दुबईवरून जातो, म्हणून आमच्या भेटीचाही रस्ता दुबईवरून जातो. ज्यांना अशी योजना निवडायची आहे, त्यांनी जाहिरातीतील बक्षिसे पाहण्याऐवजी आपण वर्षभर प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने प्रवास करतो ते आधी पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

नागपूर ते मुंबई हा टप्पा मात्र साधा, इकॉनॉमीचा आणि वेगळ्या तिकिटाचा होता. वेगळे तिकीट असले की दोन गोष्टींची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. एक म्हणजे सामान मुंबईला ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि देशांतर्गत प्रवासातील 15 किलोंची मर्यादा पाळावी लागते किंवा जास्तीचे पैसे भरावे लागतात. पुढच्या विमानात कितीही वजन चालत असले तरी नागपूरच्या काउंटरवर त्याचा उपयोग होत नाही. दुसरे म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे सुटले, तर ती जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. म्हणून मी दुपारचे विमान घेते आणि रात्रीपर्यंत मुंबईच्या टर्मिनल 2 वर वाट पाहते. नवतपाचे दिवस जवळ आले होते, पारा 45 अंशांच्या आसपास होता आणि सोनेगावच्या विमानतळावर उतरताना रिक्षाचालकाने "जपून जा ताई, लई ऊन आहे" असे म्हटले. सामानात सावजी मसाला, संत्रा बर्फी आणि सासूबाईंनी स्वतः घातलेले सांडगे होते.

या विमानतळाविषयी एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. 1949 पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ देशाच्या रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. एका शहरात संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाच्या शहरात पोहोचत असे. दूर राहणाऱ्या किती नवरा-बायकोंची पत्रे या धावपट्टीवर एका विमानातून दुसऱ्या विमानात गेली असतील, हा विचार तेथून निघताना माझ्या मनात दर वेळी येतो. आज आमच्याजवळ व्हिडिओ कॉल आहे, तरी भेटीसाठी प्रवास करावाच लागतो.

मुंबई-दुबई प्रवासाविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. दुबईला उतरल्यानंतर मात्र मी कॉन्कोर्स ए या इमारतीत गेले. 2013 मध्ये सुरू झालेली ही इमारत ए380 या दुमजली विमानांसाठीच बांधलेली आहे. तिच्यात फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी एक संपूर्ण लाउंज आहे आणि तेथूनच विमानाच्या वरच्या मजल्यावर जाता येते. रात्रीचे दोन वाजले होते आणि तेथे मोजकीच माणसे होती. मी थोडे गरम सूप आणि भात खाल्ला. विमानात जेवण्यात वेळ घालवायचा नाही, हे मी ठरवूनच आले होते.

त्यामागचे गणित असे आहे. हे विमान दुबईहून पहाटे साडेतीनच्या सुमारास सुटते आणि त्याच तारखेच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास टोरांटोला पोहोचते. उन्हाळ्यात टोरांटोची वेळ दुबईच्या आठ तास मागे असते, म्हणजे विमान सुटते तेव्हा टोरांटोत आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसातची असते. विमानात बसल्यावर तासा-दीड तासात झोप लागली आणि आठ तास टिकली, तर ती टोरांटोच्या रात्रीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. शरीराचे घड्याळ एका रात्रीत बदलत नाही, ते दिवसाला साधारण एखादा तास सरकते. पण पूर्ण झोप झालेले शरीर नव्या वेळेशी निदान झगडत नाही. ही झोप बसून होत नाही. पूर्वीच्या वर्षांत मी इकॉनॉमीतून जाऊन पाहिले आहे. माझी कंबर वर्गात उभे राहून शिकवण्याने आधीच धरलेली असते, विमानातील हवा कोरडी असते, पाय सुजतात, आणि डुलक्यांना झोप म्हणत नाहीत. पोहोचल्यावर पती विमानतळावर हसतमुखाने उभे असत आणि मी हॉटेलच्या खोलीचे पडदे ओढून संध्याकाळपर्यंत पडून राही. ते शेजारच्या खुर्चीत वाचत बसत. भेटीचा पहिला दिवस असा जात असे आणि दुसऱ्या दिवशीही मी अर्धीच जागी असे.

ए380 च्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे फर्स्ट क्लासच्या 14 जागा आहेत. प्रत्येक जागेला सरकते दार आहे आणि ते लावून घेतले की आपली एक लहानशी खोली तयार होते. विमानात शिरताच खजूर आणि अरबी कॉफी देऊन स्वागत झाले. हवाई परिचारिकेने माझे नाव विचारून घेतले, शाकाहारी असल्याचे तिला आधीच ठाऊक होते, आणि जेवण कधी हवे असे तिने विचारले. या वर्गात जेवणाची ठरलेली वेळ नसते, प्रवासी सांगेल तेव्हा ते मिळते. मी तिला सांगितले, की मला आता काहीही नको, विमान वर गेल्यावर केवळ बिछाना करून द्यावा आणि उतरण्याच्या तीन तास आधी उठवावे. तिने खुर्ची पूर्ण सपाट केली, वर गादी अंथरली, चादर आणि दुलई घातली. विमानात मिळालेला रात्रीचा पोशाख मी घातला, दार लावले आणि दिवे मंद केले. छताशी तारकांसारखे लहान दिवे होते. मला पतींची आठवण आली. त्यांनी या मार्गावर केलेल्या प्रवासांपैकी एकही या दाराच्या आतला नव्हता. हे सारे त्यांनी वेबसाइटवरील छायाचित्रांतच पाहिले होते आणि तरी कोणत्या बाजूच्या खिडकीजवळचा बिछाना चांगला, हे त्यांनी माझ्यासाठी शोधून ठेवले होते.

मी गाढ झोपले. मध्ये एकदा जाग आली तेव्हा पडद्यावरील नकाशात विमान ग्रीनलंडच्या अंगाने जाताना दिसत होते. दुबईहून टोरांटोची वाट पृथ्वीच्या गोलाकारामुळे अशी उत्तरेकडून वळते. पाणी पिऊन, थोडे चालून मी पुन्हा झोपले.

या विमानात फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी दोन स्नानगृहे आहेत. प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ ठरवून मिळते आणि त्यात पाच मिनिटे गरम पाणी वापरता येते. उरलेल्या पाण्याची खूण दिव्यांनी दिसत राहते. चाळीस हजार फुटांच्या जवळपास उंचीवर डोक्यावरून गरम पाणी घेताना मला जे वाटले, त्याला चैन म्हणावे असे मला वाटत नाही. नागपूरच्या उन्हातून निघून एक पूर्ण दिवस प्रवासात गेला होता, आणि मी स्वच्छ होऊन, केस विंचरून, धुतलेला कुर्ता घालून माझ्या माणसासमोर जाणार होते. त्यानंतर मी सावकाश न्याहारी केली. माझ्या जागेसमोर मधल्या रांगेत दोन जागा एकमेकींना लागून होत्या. त्यांमधील पडदा खाली घेता येतो आणि जोडप्यांना त्या बहुधा देतात. एक वृद्ध दांपत्य तेथे बसले होते. आम्हा दोघांचा विमानप्रवास नेहमी एकमेकांच्या दिशेने होतो, एकत्र क्वचितच होतो, हे त्यांच्याकडे पाहताना जाणवले.

पती आदल्या दिवशीच सडबरीहून सुमारे 400 किलोमीटर गाडी चालवून टोरांटोला आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे विचारले, "आधी हॉटेलवर जाऊन झोपतेस का?" मी म्हटले, "नाही हो, झोप झाली आहे. गाडी काढा." आम्ही तेथूनच ओटावाच्या रस्त्याला लागलो. वाटेत किंग्स्टन हे जुने गाव लागते, जेथे ओंटारिओ सरोवरातून सेंट लॉरेन्स नदी सुरू होते. तेथे पाण्याच्या काठाने आम्ही पुष्कळ वेळ चाललो, बाकावर बसून संत्रा बर्फी खाल्ली आणि सासूबाईंच्या औषधांपासून माझ्या विभागातील बदलांपर्यंत जे फोनवर राहून गेलेले असते ते सारे बोललो. संध्याकाळी ओटावाला पोहोचलो तेव्हाही मी पूर्ण जागी होते. ज्यांचा जोडीदार रोज संध्याकाळी घरी येतो, त्यांना या एका दिवसाचे अप्रूप कदाचित वाटणार नाही. माझ्यासाठी फर्स्ट क्लासच्या साऱ्या खर्चाची भरपाई त्या दिवसाने केली.

ओटावाला जाण्याचे कारण मे महिन्यातील ट्यूलिपची फुले. डोज लेकच्या काठावर त्यांचे लांबच लांब वाफे असतात. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सवर जर्मनीने ताबा मिळवल्यानंतर राजकन्या युलियाना आपल्या मुलींना घेऊन ओटावाला राहिल्या होत्या आणि त्यांचे पती लंडनमध्ये होते. जानेवारी 1943 मध्ये त्यांची तिसरी मुलगी तेथील रुग्णालयात जन्मली. बाळाला जन्माने केवळ डच नागरिकत्व मिळावे म्हणून रुग्णालयातील ती जागा कॅनडाने तात्पुरती आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरची जाहीर केली. युद्धानंतर, 1945 मध्ये, नेदरलँड्सने कृतज्ञतेने ट्यूलिपचे 1,00,000 कंद पाठवले आणि आजही दर वर्षी तेथून कंद येतात. महासागराच्या दोन तीरांवर राहिलेल्या त्या कुटुंबाची हकिकत तेथील फलकावर वाचत आम्ही दोघेही बराच वेळ उभे राहिलो.

एक गोष्ट मला या प्रवासात खटकत राहिली आणि ती मी पतींजवळ बोलूनही दाखवली. दिवाळीत ते नागपूरला येतात तेव्हा स्वतःसाठी माइल्स वापरत नाहीत. सडबरी ते टोरांटो, टोरांटो ते दुबई, दुबई ते मुंबई आणि मुंबई ते नागपूर, असा सारा प्रवास ते बसून करतात, घरी आल्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंशी बोलता बोलता खुर्चीतच झोपी जातात, आणि सासूबाई त्यांच्या अंगावर शाल घालून गप्प बसून राहतात. त्यांची सुटी माझ्याहून लहान असते. आईजवळचा त्यांचा पहिला दिवस मला माझ्या टोरांटोच्या पहिल्या दिवसाइतकाच मोलाचा वाटतो. "माझी सवय झाली आहे," असे ते म्हणाले, पण मला ते पटले नाही.

आता असे ठरले आहे, की खात्यात उरलेले माइल्स येत्या दिवाळीच्या प्रवासासाठी वापरायचे. त्यांचे तिकीट इकॉनॉमीचे असल्यामुळे एक पायरी वर, म्हणजे बिझनेसपर्यंतच जाता येईल, आणि टोरांटो ते दुबई एवढ्याच टप्प्यासाठी अपग्रेड घ्यायचा. तिकीट अपग्रेड होणाऱ्या भाड्याचे आहे की नाही, ते मी स्वतः तपासून घेतले आहे. अजून जागा खुली झालेली नाही. सडबरीत सकाळी ते कामाच्या गडबडीत असतात, म्हणून या वेळी रोज तपासण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.